सोसायटीतील झाडांना कीड लागली, तर पंप उचलण्याआधी

उन्हाळ्याच्या तोंडाशी मुंबई-पुण्यात रेन ट्रीखाली उभ्या केलेल्या गाडीच्या काचेवर बारीक चिकट थेंबांचा थर बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि काही दिवसांत खालच्या फरशीवरही काळपट डाग दिसू लागतात. झाड डिंक गाळत आहे, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो वर, कोवळ्या फांद्यांवर आणि पानांच्या देठांशी बसून रस शोषणाऱ्या किड्यांचा मळ असतो. मग सोसायटीच्या बैठकीत विषय निघतो, कोणीतरी पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर देतो, पंप येतो आणि झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत औषधाने धुऊन निघते. दोन-तीन आठवडे बरे जातात. नंतर काच पुन्हा चिकट होऊ लागते, कधीकधी पूर्वीपेक्षा जास्त. असे का होते हे एकदा नीट समजले, की झाडांच्या किडीवर कोणता उपाय पर्यावरणाला झेपणारा आणि कोणता केवळ समाधानापुरता, हे ओळखणे फारसे अवघड राहत नाही.

पिठ्या ढेकूण, मावा, खवले कीड आणि पांढरी माशी ही सारी मंडळी आपली सुईसारखी सोंड झाडाच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांमध्ये खुपसून बसतात. या रसात साखर भरपूर असते. पण शरीर वाढवायला लागणारी नत्रयुक्त द्रव्ये फार थोडी असतात. पुरेसे नत्र मिळवायचे तर रस खूप प्यावा लागतो आणि मग नको असलेली साखर थेंबाथेंबाने बाहेर टाकावी लागते. गाडीवर पडतो तो हाच गोड द्राव. पानांवर तो साचला की त्यावर काळी बुरशी वाढते. ही बुरशी पानाच्या आत शिरत नाही, फक्त पृष्ठभागावर काजळीसारखी पसरते आणि ऊन अडवते. त्यामुळे काळ्या पडलेल्या पानांवर बुरशीनाशक मारणे हा पैशाचा अपव्यय आहे. द्राव थांबला की काजळी वाळून पापुद्र्यांसारखी सुटते आणि पहिल्या दोन-चार जोरदार सरींत धुऊन जाते.

यांपैकी पिठ्या ढेकूण शहरातील झाडांना सर्वांत जास्त छळतो. मुंबईत गेल्या काही वर्षांत जे जुने रेन ट्री वाळत गेले, त्यांच्या बाबतीत याच किडीचे नाव पुन्हा पुन्हा पुढे आले. मादीला पंख नसतात. ती अंगावर पिठासारखा मेणाचा थर बाळगते आणि बहुतेक जातींत कापसासारख्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते. अंड्यांतून निघालेली पिल्ले मात्र डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी बारीक, मेणाविना आणि चालती-फिरती असतात. वारा, पक्षी, मुंग्या आणि माळ्याचे कपडे यांच्याबरोबर ती एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पोहोचतात. फवारलेले पाण्यासारखे औषध मोठ्या मादीच्या मेणावरून ओघळून जाते आणि सालीच्या भेगांत दडलेल्या अंड्यांपर्यंत तर पोहोचतच नाही. त्याच वेळी पानांवर उघड्यावर हिंडणारे लेडीबर्ड भुंगेरे, जाळीदार हिरव्या पंखांच्या क्रायसोपाच्या अळ्या आणि पिठ्या ढेकणाच्या पोटात अंडी घालणाऱ्या मिलिमीटरभर लांबीच्या गांधीलमाश्या मात्र सरसकट मरतात. हे मित्रकीटक शत्रूपेक्षा कमी संख्येने असतात आणि बऱ्याचदा सावकाश वाढतात. म्हणजे फवारणीनंतर झाडावर उरते ती थोडी कीड, आणि तिला खाणारे कोणीच नाही.

ही नुसती तर्काची गोष्ट नाही. १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात आलेली कापसासारखी दिसणारी एक खवले कीड आधी शोभेच्या बाभळींवर दिसली आणि पुढे तिने संत्र्या-मोसंब्यांच्या बागा उजाड करायला घेतल्या. १८८८ मध्ये आल्बर्ट कोबेले हे कीटकतज्ज्ञ ऑस्ट्रेलियात गेले आणि त्यांनी तिथून या किडीवर जगणारे लाल-काळे लेडीबर्ड भुंगेरे पाठवले. सुरुवातीच्या पेट्यांतून मिळून ते अवघे १२९ होते. दोन वर्षांच्या आत कीड आटोक्यात आली आणि पुढे अनेक दशके तिचा कोणाला उपद्रव झाला नाही. मग १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच बागांत डीडीटी फवारले जाऊ लागले, भुंगेरे मेले आणि विसरली गेलेली कीड पुन्हा उसळली. फवारणी आवरती घेऊन भुंगेरे परत सोडावे लागले.

शोभेच्या झाडांबाबत याहून बोचरे उदाहरण अलीकडचे आहे. जून २०१३ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील विल्सनव्हिल या गावी एका दुकानाच्या वाहनतळावरील लिंडेनच्या झाडांवर मावा पडला होता आणि त्याचा गोड द्राव खालच्या गाड्यांवर गळत होता. तो थांबवण्यासाठी निओनिकोटिनॉइड या कीटकनाशकांच्या गटातील डायनोटेफ्युरान हे औषध फवारण्यात आले, आणि तेही झाडे ऐन फुलोऱ्यात असताना. पन्नास हजारांच्या आसपास बंबलबी जातीच्या मधमाश्या त्या झाडांखाली मरून पडल्या. पुढे त्या राज्याने लिंडेनवर या गटातील औषधे वापरण्यास बंदी घातली. गाडीवरचे डाग पुसायला एक ओले फडके पुरले असते, हे इथे म्हटल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे याच गटातील इमिडाक्लोप्रिड झाडाच्या बुंध्याशी ओतण्याचा किंवा खोडात टोचण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. फवारा हवेत उडत नाही म्हणून ही पद्धत निर्धोक वाटते; परंतु औषध झाडाच्या अंगात भिनते, म्हणजे फुलांच्या मधात आणि परागातही उतरते. करंज, जांभूळ, शिरीष अशा मधमाश्यांनी गजबजणाऱ्या झाडांवर तरी हा प्रयोग करू नये.

राखणदार मुंग्या आणि ओळखू न येणारा मित्र

झाडावर कीड आहे की नाही हे पाहण्याची सोपी जागा म्हणजे बुंधा. खोडावरून मुंग्यांची अखंड रांग वर-खाली जात असेल, तर वर कोठेतरी गोड द्राव आहे असे समजावे. मुंग्या तो पितात आणि मोबदल्यात रस शोषणाऱ्या किड्यांचे रक्षण करतात. लेडीबर्डची अळी जवळ आली तर तिला चावून हाकलतात. म्हणून पहिला उपाय किडीवर करायचा नसून मुंग्यांची वाट अडवण्याचा आहे. छातीएवढ्या उंचीवर खोडाभोवती वीतभर रुंदीचा जाड प्लास्टिकचा पट्टा घट्ट बांधावा, त्याखालच्या भेगा ओल्या मातीने लिंपाव्यात आणि पट्ट्यावर ग्रीसचा किंवा बाजारात मिळणाऱ्या चिकट लेपाचा थर द्यावा. ग्रीस थेट सालीवर कधीही लावू नये. त्याने साल खराब होते. शेजारची भिंत, केबल किंवा दुसऱ्या झाडाची फांदी टेकत असेल, तर मुंग्या तिथून येतील, तेव्हा तोही संपर्क तोडावा लागतो. पट्ट्यावर धूळ आणि पाचोळा साचून पूल तयार होतो, म्हणून आठवड्या-पंधरवड्याने तो तपासावा आणि काम झाले की काढून टाकावा; वर्षानुवर्षे तसाच राहिला तर त्याखाली ओल धरते. मुंग्या हटल्या की महिन्याभरात मित्रकीटक आपणहून कामाला लागल्याचे पुष्कळदा दिसते.

या मित्रांपैकी एक हमखास चुकून मारला जातो. क्रिप्टोलेमस नावाचा ऑस्ट्रेलियन भुंगेरा १८९८ मध्ये भारतात आणला गेला आणि आज तो आपल्या हवेत रुळला आहे. प्रौढ भुंगेरा चार मिलिमीटरचा, काळ्या पाठीचा आणि नारिंगी डोक्याचा असतो. त्याची अळी मात्र अंगभर पांढरे मेणाचे झुपके वागवते आणि लांबून थेट मोठ्या पिठ्या ढेकणासारखीच दिसते, इतकी की माळी सर्वांत आधी तिलाच चिरडतो. फरक दोन बाबतींत आहे. पिठ्या ढेकूण तीन-चार मिलिमीटरचा आणि जवळजवळ निश्चल असतो. ही अळी सेंटिमीटरहून मोठी होते, तिचे झुपके लांब आणि विस्कटलेले असतात आणि काडीने डिवचली तर ती झपझप चालू लागते. अशा अळ्या दिसल्या, तर त्या फांदीला हात लावू नये. हे भुंगेरे काही जैविक प्रयोगशाळांत विकतही मिळतात. ते संध्याकाळी सोडावेत, आणि त्याआधी काही आठवडे झाडावर कोणतेही रासायनिक औषध मारलेले नसावे.

परदेशी किडीच्या मागे तिचा मायदेशीचा शत्रू आणण्याचा याहून नेटका प्रयोग आपल्याच देशात झाला आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. २००८ मध्ये तो कोइम्बतूरजवळ आढळला आणि लवकरच पपई, तुती, साग, जास्वंद आणि चाफा यांवर पसरत पुण्यापर्यंत आला. कितीही फवारले तरी तो हटेना. अखेर २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून तीन जातींच्या अतिसूक्ष्म गांधीलमाश्या बंगळूरूच्या, शेतीशी संबंधित कीटकांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत आणल्या गेल्या, त्या इतर कीटकांना अपाय करत नाहीत याची आधी चाचणी झाली आणि मग त्या वाढवून ठिकठिकाणी सोडल्या. त्यांतील अॅसेरोफॅगस पपाये ही जात विशेष यशस्वी ठरली आणि एक-दोन वर्षांत किडीचा जोर ओसरला. ज्यांनी या काळात फवारणी चालूच ठेवली, त्यांच्या झाडांना या माश्यांचा लाभ मिळण्याची शक्यता अर्थातच कमी.

फवारायचेच असेल तर

हाताला लागेल एवढ्या उंचीच्या झाडांवर, म्हणजे जास्वंद, चाफा, तगर किंवा नव्याने लावलेली रोपे यांवर, आधी नळीच्या जोरदार पाण्याने कीड पाडावी. खाली पडलेले मावे आणि पिल्ले सहसा परत वर पोहोचत नाहीत. खूप माखलेले शेंडे कापून बंद पिशवीत भरावेत. ते उघड्या टेम्पोतून नेले तर पिल्ले रस्ताभर पसरतात. त्यानंतर एक लिटर पाण्यात सुमारे पाच ग्रॅम मऊ साबण विरघळवून तो पानांच्या खालच्या बाजूने फवारावा. साबण किड्याच्या अंगावरचे मेणकट आवरण बिघडवतो. पण तो ओला असेपर्यंत आणि प्रत्यक्ष अंगावर पडला तरच चालतो, म्हणून आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा फवारणी लागते. कपड्यांची पावडर वापरू नये, तिने पाने करपतात. साबणही आधी दोन-चार पानांवर मारून दोन दिवस वाट पाहावी.

निंबोळी अर्काचे काम वेगळ्या रीतीने चालते. तो किड्याला तिथल्या तिथे मारत नाही. त्याची भूक मारतो आणि पिल्लांची कात टाकण्याची क्रिया बिघडवतो. त्यामुळे फवारल्याच्या दुसऱ्या दिवशी कीड तशीच दिसली, तर औषध वाया गेले असे मानू नये. पाच टक्क्यांच्या अर्कासाठी पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यातून पिळून एकूण शंभर लिटर पाणी करतात. सोसायटीला अर्धा किलो भरड आणि दहा लिटर पाणी पुरे होते. उन्हात त्यातला अॅझाडिरॅक्टिन हा घटक लवकर नासतो, म्हणून फवारणी सूर्य कलल्यावर करावी. त्या वेळी मधमाश्याही परतलेल्या असतात. पावसाळ्यात, हवेत दमटपणा असताना, व्हर्टिसिलियम नावाने विकली जाणारी बुरशी पिठ्या ढेकणावर आणि खवले किडीवर चांगली चालते. कोरड्या एप्रिलमध्ये तीच बुरशी रुजत नाही आणि मग जैविक औषधांवर विनाकारण खापर फुटते.

पन्नास-साठ फुटी रेन ट्रीवर मात्र यांपैकी काहीही पूर्णपणे पोहोचवता येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तिथे मुंग्या अडवणे, माखलेल्या फांद्या वेळीच उतरवणे आणि बुंध्याची स्थिती सुधारणे एवढेच आपल्या हाती असते. झाडाच्या मुळांना पाणी आणि हवा मिळत नसेल, तर ते किडीपुढे लवकर हार खाते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्याकडे पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकनी बुंधा गळ्यापर्यंत आवळलेला असतो आणि वर औषधासाठी वर्गणी काढली जाते. त्या वर्गणीतून ब्लॉकच्या दोन रांगा उचलल्या, माती हलकी भुसभुशीत केली, पाचोळ्याचे आच्छादन बुंध्याला न टेकेल असे पसरले आणि मार्चपासून आठवड्याला एकदा भरपूर पाणी दिले, तर झाडाला अधिक फायदा होईल, असे माझे मत आहे.

खोड पोखरणारे आणि नारळाचा वैरी

रस शोषणाऱ्या किडी दिसतात तरी. खोडात शिरणाऱ्या दिसत नाहीत, आणि मोठे झाड खरोखर मारण्याची ताकद त्यांच्यात जास्त असते. आंब्याचा भिरूड हा लांब मिशांचा, करड्या रंगाचा, दोन इंचांचा भुंगेरा आहे. मादी सालीच्या भेगेत किंवा जखमेत अंडे घालते आणि त्यातून निघालेली मलईच्या रंगाची अळी कित्येक महिने लाकूड पोखरत आत राहते. बाहेर दिसतो तो फक्त छिद्रातून पडणारा भुसा. तो ताजा, ओलसर आणि फिकट असेल, तर अळी जिवंत आहे. जुना भुसा काळपट आणि कोरडा असतो. छिद्र धारदार चाकूने थोडे मोठे करून, टोक वाकवलेली तार आत सारून अळी ओढून काढावी किंवा आतच टोचून मारावी, आणि छिद्र चिखलाने बंद करावे. दोन दिवसांनी पाहावे. चिखल फोडून नवा भुसा आला असेल, तर पुन्हा तार घालावी. हे कंटाळवाणे काम आहे, पण नेमके किडीवरच घाव घालणारे आहे.

गुलमोहर, बकुळ, जांभूळ आणि आंबा यांच्या खोडावर, विशेषतः फांद्यांच्या बेचक्यात, भुसा आणि विष्ठा रेशमी धाग्यांनी विणून केलेल्या तपकिरी फिती दिसतात. हे साल खाणाऱ्या अळीचे काम असते. ती दिवसा बेचक्यातील बिळात लपते आणि रात्री त्या फितीच्या आडोशाने साल कुरतडते. फित ब्रशने झाडून काढली की खालचे बीळ सापडते. पुढची कृती भिरुडासारखीच. दोन्ही किडींना आमंत्रण मिळते ते जखमांमुळे. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत फांद्या मध्येच तोडून खुंट ठेवले जातात. ते सडतात आणि भुंगेरे तिथे येतात. फांदी तिच्या बुडाशी असलेल्या फुगीर कंगोऱ्याला धक्का न लावता, त्याच्या लगत कापली तर झाड ती जखम स्वतः भरून काढते.

नारळाचा गेंड्या भुंगा तर अनेकदा सोसायटी स्वतःच पाळते. भुंगा न उघडलेल्या कोंबात भोक पाडतो, म्हणून झावळी उलगडते तेव्हा ती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. त्याची अळी मात्र झाडावर नसतेच. ती शेणखतात, कुजक्या ओंडक्यात आणि खतखड्ड्यात वाढते. तोडलेल्या माडाचा बुंधा कोपऱ्यात टाकून ठेवला, तर शेजारच्या माडांसाठी तो भुंग्यांची पैदास करत राहतो. खतखड्डा दोन महिन्यांतून एकदा उलथून अळ्या वेचाव्यात, किंवा त्यात मेटारायझियम बुरशी मिसळावी. तिने मेलेल्या अळीवर हिरवट भुकटी दिसते. वेचण्याआधी एक चाचणी करावी. अळी सपाट फरशीवर ठेवल्यावर ती पाठीवर उताणी होऊन सरपटू लागली, तर ती फुलभुंगेऱ्याची आहे. ती कचऱ्याचे खत करते आणि माडाला काहीही करत नाही, म्हणून तिला परत खड्ड्यात सोडावे. झाडावर, वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत पाव किलो निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून वर्षातून तीनदा घालतात. वाळूमुळे भुंग्याला आत शिरणे जड जाते. भुंगा पकडायला टोकदार लोखंडी हूक वापरतात. पण भोक तसेच उघडे ठेवू नये, कारण ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो आणि त्याच्या अळ्या माड आतून पोकळ करतात. बुंध्यातून तपकिरी चिकट पाणी झिरपत असेल, तर तो आधीच आला आहे असे समजून जाणकाराला बोलावावे.

जिथे काहीच करायचे नसते

सप्तपर्णीच्या पानांवर हिरवे फोड उठतात आणि लोक घाबरतात. ते एका बारीक रसशोषक कीटकाचे घर असते. मोठ्या झाडाला त्याने फारसा फरक पडत नाही. करंजाच्या पानांवर बोटांसारखे कोंब येतात, ते तर कीटकाचे नसून सूक्ष्म कोळ्यांचे काम असते, त्यामुळे कीटकनाशकाने काही साधत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला सागाची कोवळी पाने अळ्या फस्त करतात, पण झाडे पुन्हा पालवतात. पावसाळ्याच्या शेवटी पानांची नुसती जाळी उरते तेव्हा ती पाने तशीही गळण्याच्या वाटेवर असतात. बहाव्यावरच्या हिरव्या अळ्यांची पुढे पिवळसर पांढरी फुलपाखरे होतात. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असेल, तर पाच-दहा पाने तिच्या नावे सोडून द्यावीत.

झाड खरोखर गेले असेल, तरी ते परस्पर तोडता येत नाही. शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्या जागी नवे रोप आणताना रोपवाटिकेतच ते तपासावे, कारण आजवरच्या बऱ्याच नव्या किडी रोपांबरोबरच गावोगाव पोहोचल्या आहेत. पानांची खालची बाजू, देठांचे बेचके आणि पिशवीच्या तळाशी बाहेर डोकावणारी मुळे पाहावीत. मुळांवर पांढरे ठिपके किंवा पिशवीवर मुंग्यांची रांग दिसली, तर ते रोप घेऊ नये. घेतलेले रोपही इतर झाडांपासून दूर पंधरा दिवस ठेवून, दर दोन-तीन दिवसांनी पाहून मगच लावावे.